आईच्या उजव्या पावलाचा आवाज

१२ मार्च

ती. दादास,
सा. न. वि. वि.

इतके दिवस पत्र नाही, याबद्दल आधी माफ कर. दोनदा लिहायला बसले होते. पहिलं पत्र वाचून पाहिलं तर ते बाबांवरचं आरोपपत्र वाटलं. दुसरं वाचलं तर कुणीच काही केलं नाही आणि आईचा पाय आपोआप मोडला, असं वाटलं. दोन्ही फाडली. हे तिसरं जसं होईल तसं पेटीत टाकणार आहे.

फोनवर मी तुला सांगितलं की आईला पार्किंगमध्ये गाडी लागली, पाय मोडला, ऑपरेशन झालं, काळजी करू नकोस. त्यात खोटं काही नव्हतं. पण आपला फोन बाबांच्या खुर्चीला लागून आहे आणि बाबा हल्ली त्या खुर्चीतून उठत नाहीत. त्यांच्या डोक्यावरून जे बोलता आलं नाही ते असं, की गाडी आपलीच होती. चालवत बाबा होते.

घाऊक बाजाराच्या मागे खडी टाकलेलं मैदान आहे, तिथे लोक गाड्या लावतात. निघताना आई नेहमीसारखी मागे जाऊन उभी राहिली. ती पद्धत तुला पाठ आहे, तरी लिहिते, कारण लिहिल्याशिवाय मला त्या दिवसाचा क्रम लागत नाही. डेपोत बस मागे घेताना कंडक्टरने मागच्या पत्र्यावर थापटत राहायचं. थाप पडते आहे तोवर ड्रायव्हरने येत राहायचं, थाप थांबली की ब्रेक. बाबांनी सगळी नोकरी तशी केली आणि रिटायर झाल्यावर आई त्यांची कंडक्टर झाली. गाडी मागे घेताना ते आरशाकडे बघायचेसुद्धा नाहीत. मान सरळ, कान मागे.

त्या दिवशी आईची पिशवी फाटली आणि बटाटे खडीवर घरंगळले. ती उचलायला वाकली. म्हणजे तिची थाप थांबली. पण शेजारी एक टेंपो मागे येत होता आणि त्याचा हमाल त्याच्या पत्र्यावर थापटत होता. बाबांना थाप ऐकू येत होती, ते येत राहिले. मागे विटांचा कठडा होता. आईचा उजवा पाय गुडघ्याच्या जरा खाली, बंपर आणि कठडा यांच्यामध्ये सापडला.

बाबांनी या सगळ्यावर एकच वाक्य उच्चारलं आहे, आणि तेही मला नाही, दाखल करून घेणाऱ्या डॉक्टरांना. ते म्हणाले की थापटणारा हात तिचा नाही, हे मला कळायला हवं होतं.

आता आई घरी आहे. मांडीपासून पावलापर्यंत प्लास्टर, बाहेर फक्त बोटं. पाय उशीवर उंच ठेवायचा, बोटं गार किंवा निळी पडत नाहीत ना ते बघायचं, ठरलेल्या दिवशी दाखवायला न्यायचं. हे सगळं होतं आहे. होत नाही ती एकच गोष्ट, दुखतंय असं म्हणणं. घरी आणलं त्याच दिवशी उशी सरकवताना कळ येऊन तिच्या तोंडून ‘आई गं’ निघालं. बाबा भरल्या ताटावरून उठले आणि चपला न घालता बाहेर गेले, ते दिवेलागणीला परतले. तेव्हा आईने मला जवळ बोलावून बजावलं की यापुढे त्यांच्यासमोर दुखण्याचा शब्द निघता कामा नये, माझ्याही नाही आणि तुझ्याही नाही. आता कळ आली की ती पाणी मागते. मी समजून गोळी देते. बाबांना वाटतं तिला तहान फार लागते.

तूही फोनवर तिला पायाचं विचारू नकोस. हे मी बरोबर करते आहे का, ते मला ठरवता येत नाही. तुला येत असेल तर कळव.

लोभ आहे तेवढा असू दे, आणि उत्तर पत्रानेच दे.

तुझी,
तराजू


२ एप्रिल

चि. तराजूस,
अनेक आशीर्वाद.

पत्र पोचलं. वाचून झाल्यावर मोजणीची दुर्बीण उचलली आणि खाणीच्या पार वरच्या काठाला जाऊन बसलो, म्हणजे मी काम करतो आहे असं समजून कुणी हाक मारणार नाही. इथे डंपर मागे येताना आपोआप भोंगा वाजतो. आजवर त्या भोंग्याला मी शिव्या घातल्या. आता वाजला की मान वर करून मागे कोण उभं आहे ते बघतो.

बाबांनी आपल्या दोघांना सायकलच्या सीटवर थापटायला शिकवलं होतं, आठवतं? मी धडाधड थापटायचो. तू मध्येच थांबून, अजून एक द्यावी का, याचा विचार करायचीस. तुला वजनमापं तपासायच्या खात्यात नोकरी पुढे लागली, तराजू तू तेव्हाच होतीस. दोन बिस्किटांतलं मोठं कोणतं हे ठरेपर्यंत दोन्ही मीच खायचो.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी धडाधड देतो. आईचं बरोबर आहे. घरात एकच पेशंट असलेला बरा. बाबा हट्टी, मानी, आणि सगळ्या नोकरीत एक ओरखडा न पाडलेला माणूस. त्यांना रोज आठवण करून दिली तर ते खचतील, आणि मग आईचा पाय कोण बघणार? हाड जुळायला वेळ लागतो तेवढा लागेल. तोवर पाणी पाजत राहा.

आईला दोन ओळी लिहायला सांग. तिच्या अक्षरावरून मला तिची तब्येत कळते, असं तिला सांगू नकोस, नाहीतर ती सुवाच्य काढेल.

रागावू नकोस आणि लोभ कमी करू नकोस, इथे तेवढाच पुरवठा आहे.

तुझा,
दादा


६ मे

चि. लंबूस,
अ. उ. आ.

पलंगावर बसून लिहिते आहे. ओळी उतरणीला लागल्या तर पायाला दोष देऊ नकोस, त्या आधीपासून तशाच आहेत.

प्लास्टर सुटलं. पाय बाहेर आला तो एवढासा, कुणा शेजारणीचा आणून लावल्यासारखा. डॉक्टर फोटो बघून म्हणाले की हाड असं जुळलं आहे की शिकणाऱ्या पोरांना दाखवावं. बोटं हलवा म्हणाले, हलवली. खाली झोकात वळतात, वर यायला जरा आळस करतात, पण हलली म्हणजे झालं. बाहेर केवढी रांग होती. तुझे बाबा शेजारी बसले होते, त्यांनी इतक्या दिवसांनी श्वास सोडला तो मला ऐकू आला.

व्यायाम करून घेणाऱ्या बाईंकडे एकदा जाऊन आले. बाई गुणी आहे, पण हाताला जोर फार. तिने तुझ्या बाबांना आत बोलावलं आणि सांगितलं की पाऊल असं धरायचं, असं वर दाबायचं, रोज घरी तुम्हीच करा. त्यांनी माझं पाऊल हातात घेतलं आणि त्यांच्या कपाळावर असा घाम फुटला की बाईंनी मला उठवून त्यांनाच बाकावर आडवं केलं. तू म्हणालास ते तुझ्या बहिणीने मला सांगितलं, घरात एकच पेशंट बरा. मला पटलं. तेव्हापासून तिकडे जात नाही. माझे व्यायाम मी घरीच करते, म्हणजे आठवेल तेव्हा.

चालते छान. भिंतीला हात लावून स्वयंपाकघरापर्यंत जाते. उजव्या पायातली वहाण तेवढी सटकते, म्हणून तिला मागून इलॅस्टिक शिवून घेतलं. तुझी बहीण फाटकातूनच आई, आई करत येते, त्यामुळे ती आत येईपर्यंत मी बसलेली असते. नाहीतर दुकानदाराचं वजन तपासावं तशी माझ्याकडे बघत राहते. पोरगी गुणाची, पण तिच्यासमोर चहात साखर घालायलासुद्धा भीती वाटते.

बाबांनी गाडीवर ताडपत्री घातली आणि किल्ली माझ्याकडे दिली, कुठे ठेवतेस ते मला सांगू नकोस म्हणाले. मी उशीखाली ठेवली आहे. ते कमी बोलतात. पण परवा माझ्या चहावरची साय काढून मला दिली, म्हणजे हळूहळू येतील वळणावर. मी चालताना दिसले की त्यांचा चेहरा जरा सैल होतो. मला तेवढं पुरे आहे.

जेवत जा. खाणीतली धूळ पोटात गेली तर ती जेवण नव्हे.

माया आहेच, ती टपालाने कमी होत नाही.

तुझी,
आई


२० जुलै

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एक क्षुल्लक गोष्ट लिहिते. क्षुल्लक नसेल तर सांग.

काल अंगण झाडताना आईच्या वहाणा उलट्या करून झटकल्या. डाव्या वहाणेची टाच झिजली आहे, जशी सगळ्यांची झिजते. उजवीची टाच नवी कोरी आणि पुढचं टोक मात्र घासून पार पातळ झालं आहे. मी रोज वजनं उलटी करून बघते. कुठल्या बाजूने झिजलं ते पाहिलं की दुकानदार ते कसं वापरतो ते कळतं. आईला विचारलं तर म्हणाली की जुनी वहाण आहे, आणि लगेच पाणी मागितलं.

गेल्या तपासणीला मी बरोबर गेले होते. डॉक्टर विचारतात की दुखणं दहापैकी किती. आईने आधी बाबांकडे पाहिलं आणि मग दोन म्हणाली. बाबांनी मान हलवली. डॉक्टरांनी दोन लिहिलं. बाहेर आल्यावर ती बाकावर बसली आणि बाबा औषधं आणायला जाईपर्यंत तिने माझा दंड जो धरला, त्याचे वळ दुसऱ्या दिवशीही होते.

आमच्या खात्यात आम्ही कधी कळवून जात नाही, कारण तपासणी आहे म्हटलं की सगळे काटे बरोबर असतात. त्या दिवशी बाकावर मला हेच आठवलं. मग वाटलं, हा माझा धंद्याचा संशय आहे. आई हसते, बोलते, बाबा आता जेवतात. हे घर आत्ता कुठे थोडं रुळावर येतं आहे. त्यात मी पुन्हा पाय, पाय करत शिरले तर मला नक्की कशाची काळजी आहे, तिची की माझं म्हणणं खरं ठरण्याची? खरंच कळत नाही.

तिने तुला पत्रात काही वेगळं लिहिलं का? मला ती दाखवत नाही, आणि मी मागणार नाही.

तुझ्या उत्तराची वाट बघते. माझ्यावरचा विश्वास उडू देऊ नकोस.

तुझी,
तराजू


१८ ऑगस्ट

चि. तराजूस,
अनेक आशीर्वाद.

आईचं पत्र पुन्हा काढून वाचलं. वहाण सटकते आणि तिने इलॅस्टिक लावलं, एवढंच आहे. बोटं वर यायला आळस करतात असं गमतीने लिहिलं आहे. डॉक्टरांनी तिचं हाड बघून पाठ थोपटली म्हणे. अगं, इतके महिने प्लास्टरमध्ये राहिलेला पाय पहिल्या दिवशी नाचणार आहे का? इथे एकाचा हात मोडला होता, त्याचीसुद्धा बोटं बरेच दिवस सुस्त होती. आता तो माझ्याशी पंजा लढवतो आणि जिंकतो.

जरा कमी तोल. मला थंडीत रजा मिळते आहे. आलो की मीच तिला दाखवायला नेईन, बाबांना घरी ठेवून. तोवर त्या दोघांचं जे बसलं आहे ते मोडू नकोस.

काळजी कर, पण जेवून झाल्यावर. लोभ आहे तो आहेच.

तुझा,
दादा


३ नोव्हेंबर

चि. लंबूस,
आशीर्वाद.

पत्रास कारण की तुझ्या आईचा पाय बरा झालेला नाही.

मी कधी पत्र लिहीत नाही हे तुला माहीत आहे. फोन करावा तर तो हॉलमध्ये आहे आणि तिला सगळं ऐकू जातं. तुझ्या बहिणीशी बोलावं म्हटलं, ती संध्याकाळी येते तेव्हा तुझी आई तिच्यासमोरच बसलेली असते. आणि खरं सांगायचं तर समोरासमोर हे माझ्याच्याने बोलवत नाही.

माणूस चालतो तेव्हा आधी टाच पडते, मग चवडा टेकतो. एका पावलाचे असे दोन आवाज असतात. तिच्या डाव्या पावलाचे दोन येतात. उजव्याचा एकच येतो, ओलं फडकं फरशीवर आपटावं तसा. मध्येच खर्रकन घासल्याचा येतो. मी खुर्चीत बसून ऐकतो. प्लास्टर निघालं तेव्हापासून ऐकतो आहे.

तू विचारशील की मग इतके महिने गप्प का. एक तर, त्या दिवसापासून मला माझ्या कानाचा भरवसा वाटत नाही. वाटलं, हाही आवाज मी चुकीचाच ऐकत असेन. रोज म्हणायचो, आज पुन्हा ऐकू आणि मग बोलू. दुसरं म्हणजे, मी समोर आलो की ती बसते किंवा भिंतीला टेकून हसते. ती पाणी मागते तेव्हा तिला तहान नसते, हे मला पहिल्या आठवड्यातच कळलं. तिने माझ्यासाठी इतक्या कष्टाने जे झाकलं आहे ते मी कसं उघडं करू? मला काही माहीत नाही, असं वाटल्याने तिला बरं वाटत होतं. मी तेवढंच तिला देऊ शकत होतो.

परवा ती न्हाणीच्या उंबऱ्याला अडखळून पडली. मी धावलो तर म्हणाली की साबण शोधत होते.

तुझ्या बहिणीला कळव की आईला दाखवायला घेऊन जा, मला बरोबर नेऊ नका. मी आत नसलो तर ती खरं सांगेल.

बाकी ठीक. तुझी तब्येत सांभाळ.

तुझे,
बाबा


२० नोव्हेंबर

चि. तराजूस,
आशीर्वाद.

बाबांचं पत्र सोबत जोडलं आहे. ते वाच आणि आईला घेऊन जा. घरी काही सांगत बसू नकोस.

आईने बोटांचं मला मे महिन्यात लिहिलं होतं. तू जुलैत विचारलंस. मी तुला गप्प बसवलं. यावर आत्ता काही लिहू नकोस, मी येईन तेव्हा बोल.

तुझा,
दादा


१४ जानेवारी

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मध्ये पुन्हा इतके दिवस गेले. तपासण्या पुऱ्या झाल्याशिवाय लिहायचं नाही असं ठरवलं होतं, कारण अर्धवट आशा लिहिली की मी ती दोन्ही बाजूंनी तोलत बसते. आता तोलण्यासारखं काही उरलं नाही.

तुझं पत्र आलं त्याच्या दुसऱ्या दिवशी मी कामावर जाते म्हणून निघाले आणि कोपऱ्यावरून परत आले. फाटकातून हाक मारली नाही. आई स्वयंपाकघरात उभी होती. एक पाऊल टाकण्यासाठी ती अख्खी मांडी वर उचलत होती, पायरी नसलेल्या जागी पायरी चढावी तशी, आणि मग पाऊल फरशीवर फटकन आपटत होतं. मला पाहून ती थांबली. बसली नाही. मी म्हणाले, चल. तिने कुठे म्हणून विचारलं नाही, फक्त बाबा कुठे आहेत ते विचारलं. ते मागच्या खोलीत दार लावून बसले होते. त्यांना माझी चाहूल लागली असणार.

दुकानांत मी न कळवता जाते, दादा. घरात मात्र इतके महिने मी रोज वर्दी देत शिरले.

डॉक्टरांच्या समोर ती मोकळं बोलली. पाऊल आणि बोटं वर उचलत नाहीत, पावलाच्या वरच्या बाजूला हात लावला तरी कळत नाही आणि नडगीच्या कडेने आग होते. हे पहिल्यापासून आहे. डॉक्टरांनी फोटो बाजूला ठेवले आणि पहिल्यांदा पायाला हात लावला. गुडघ्याच्या खाली बाहेरच्या बाजूने एक नस जाते, पाऊल वर उचलायचं काम तिचं. कठड्यावर तीच चिरडली होती. हाड जुळतं की नाही हे सगळे बघत राहिले आणि हाड जुळलं. नंतर सुया टोचून, वीज सोडून तपासणी झाली. पडद्यावर रेघ सरळच राहिली. मला रेघा वाचता येतात, मी डॉक्टरांच्या आधी वाचली.

ते वाईट वाटून म्हणाले की प्लास्टर निघालं तेव्हाच लक्षात आलं असतं तर उघडून बघता आलं असतं, खात्री नव्हती, पण प्रयत्न करण्यासारखी वेळ होती. आता त्या नसेवरचे स्नायू वाळले. पाऊल आपलं आपण वर यायचं नाही. पुढे दुसरा एक स्नायू फिरवून लावायचं ऑपरेशन असतं, त्याचाही विचार करू म्हणाले. आई म्हणाली की या पायाला आता कापायचं नाही, त्याने पुष्कळ पाहिलं. बाहेर आल्यावर ती रडली. अपघाताच्या दिवशीसुद्धा ती रडली नव्हती. मला म्हणाली की यांना कळलं तर काय होईल. मी पिशवीतून बाबांचं पत्र काढलं आणि तिला दिलं.

मी ते द्यायला हवं होतं का, ते तू बाबांना विचारून मला सांग. मी दिलं. तिने चष्मा पुसून पुसून वाचलं. म्हणाली की मेल्याला पाण्याचंसुद्धा माहीत होतं.

पुढच्या वेळी तीच हट्टाने बाबांना आत घेऊन गेली. डॉक्टरांनी तोच प्रश्न विचारला, दहापैकी किती. आईने सवयीने बाबांकडे पाहिलं. मग मान फिरवून, समोरच्या भिंतीकडे बघत, सात म्हणाली. बाबा जागचे हलले नाहीत. त्यांनी फक्त तिची पिशवी आपल्या मांडीवर घेतली आणि ती दोन्ही हातांनी धरून बसले.

पायाला आता एक पट्टी मिळाली आहे. पोटरीच्या मागून खाली येऊन तळव्याखाली वळते, त्यामुळे पाऊल लोंबत नाही. ती कायमची. ती घालून चालायचा सराव व्यायामवाल्या बाई करून घेतात. लांब बोळ आहे, एका बाजूला लोखंडी कठडा. काल बाई म्हणाल्या की मागून कुणीतरी पावलांवर लक्ष ठेवायला हवं, टोक घासलं की थांबवायला. मी पुढे झाले तर आईने मला हाताने बाजूला केलं. बाबांना म्हणाली की इतकी वर्षं मी मागे उभी राहिले, आता तुम्ही राहा. कठड्यावर थापटा. पाऊल नीट पडतं आहे तोवर थापटायचं, घासलं की बंद.

बाबांनी हात कठड्यावर ठेवला. तो वर उचलेना. बाई घड्याळाकडे बघायला लागल्या. आई पाठमोरी उभी राहिली, मागे वळून पाहिलंही नाही. तिने एवढंच सांगितलं की थाप पडल्याशिवाय गाडी हलत नसते, हे मला तुम्हीच शिकवलं आहे, मी उभी आहे.

मग त्यांनी डोळे मिटले आणि पहिली थाप दिली. अगदी हलकी, पत्र्यावर आई द्यायची तशी. ती निघाली. मी तिच्या पावलांकडे बघत होते, बाबा बघत नव्हते, नुसते ऐकत होते. अर्ध्या बोळात त्यांचा हात थांबला. मला काहीच दिसलं नव्हतं. मी खाली वाकून पाहिलं तेव्हा पट्टीचं टोक फरशीला जेमतेम टेकलं होतं. आईसुद्धा त्याच क्षणी थांबली होती.

परत येताना पायरीवर आईला कळ आली असावी, कारण ती थांबली आणि बाबांना म्हणाली की दुखतंय. पाणी नाही मागितलं. बाबा म्हणाले, हो. आणि तिच्यासाठी उभे राहिले.

तुझ्या शेवटच्या पत्रावर मी काही लिहिणार नाही, तू सांगितलं आहेस. एवढंच की जुलैत गप्प बसायला मला तुझी गरज नव्हती, मी तशीही बसले असते. रजा मिळाली की ये. फाटकातून हाक मारू नकोस, सरळ आत ये.

आहोत तसे आम्हाला धरून राहा.

तुझी,
तराजू

ता. क. पट्टी नेहमीच्या बुटात मावत नाही. उद्या : आईला पट्टीसकट बुटांच्या दुकानात न्यायचं, उजवा एक माप मोठा.